बोल्ट ॲक्शन रायफल अडकते कुठे?

सोयाबीन शेंगांवर आलं की मराठवाड्यातल्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक भावाची, दुसरी डुकरांची. हिंगोली असो, किनवट असो की बालाघाटच्या कडेची गावं; रानडुकरं आणि रोही रात्रीतून एकर-दोन एकर भुईसपाट करून जातात. मग तहसीलवर निवेदन जातं, पंचनामा होतो (कधी होतही नाही), आणि 'शेतकऱ्याला बंदूक द्या' ही मागणी पुन्हा वर येते.

त्यापाठोपाठ पारावर आणि मोबाइलवर दुसरीच चर्चा रंगते. रायफल घ्यायची तर कोणती? कुणी म्हणतं जर्मन बनावटीची माउझरच, तिचा आकडा (काडतुसाला धरणारा पोलादी हूक) काडतूस सोडत नाही. कुणी म्हणतं नव्या रायफलींपुढे जुन्या काय टिकतात! ज्यांनी आयुष्यात ठासणीच्या बंदुकीपलीकडे काही हाताळलेलं नाही तेही यात ठामपणे बोलतात, आणि बाकीच्यांना यातला निम्मा भाग कळत नाही. हा लेख त्या बाकीच्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाद सगळा त्या आकड्यावर होतो, पण रायफल बहुतेक वेळा अडकते ती मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत. ते कसं, हे समजायला थोडं मुळापासून यावं लागेल.

बोल्ट म्हणजे नेमकं काय

घराच्या दाराला आतून सरकता बोल्ट असतो. दांडी पुढे सरकवायची, मूठ खाली पाडायची, दार पक्कं. उघडताना मूठ वर, दांडी मागे. बोल्ट ॲक्शन रायफल अगदी असंच चालते. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. हे चेंबर मागून बंद करणारी पोलादी दांडी म्हणजे बोल्ट. तिची मूठ उजव्या बाजूला बाहेर आलेली असते. मूठ वर उचलून मागे ओढली की चेंबर उघडतं, पुढे ढकलून खाली पाडली की बंद होतं.

बंद होताना बोल्टच्या पुढच्या टोकावरचे दोन जाड दाते फिरून पोलादी खाचांत अडकतात. हे दाते महत्त्वाचे, कारण बार होतो तेव्हा .३०-०६ सारख्या काडतुसात हवेच्या दाबाच्या सुमारे ४,००० पट दाब तयार होतो आणि तो बोल्टला मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे ढकलत असतो. दाते पुढेच, चेंबरला लागून असले की सगळा जोर तिथल्या तिथे अडतो. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीत हे दाते मागच्या बाजूला असतात. म्हणून ती कमकुवत ठरत नाही, पण शिकारीच्या रायफली बनवणाऱ्यांनी पुढे बहुतेक करून पुढचेच दाते पसंत केले.

एवढ्यावर भागलं असतं तर प्रत्येक बाराला एकेक काडतूस हातानं घालून काम झालं असतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत हेच चालतं: .२२ ची रायफल, मॅगझिन नाही, एक गोळी हातानं घाला, झाडा, दुसरी घाला. तिथलं लक्ष्य पळून जात नाही. अंगावर येणारं जखमी डुक्कर मात्र थांबत नाही. तिथे दुसरं काडतूस आपोआप हाताशी यावं लागतं, आणि फीडिंगचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

काडतूस चेंबरपर्यंत जातं कसं

फीडिंग म्हणजे मॅगझिनमधून काडतूस उचलून चेंबरमध्ये नेऊन बसवणं. पुन्हा हा शब्द अडला तर एवढंच लक्षात ठेवा.

मॅगझिन ही बोल्टच्या खाली बसवलेली पोलादी पेटी. तिच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पाटी, पाटीवर काडतुसं. स्प्रिंग काडतुसांना सतत वर दाबत असते. ती उसळून बाहेर पडू नयेत म्हणून पेटीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या पट्ट्या असतात. बोल्ट पुढे येताना त्याची खालची कड सर्वात वरच्या काडतुसाच्या बुडाला लागते आणि त्याला पुढे रेटते. काडतूस पट्ट्यांखालून सरकतं, त्याचं नाक एका उतरत्या पृष्ठभागावर चढतं, आणि बुडाकडचा भाग पट्ट्यांतून मोकळा झाला की ते सरळ होऊन चेंबरमध्ये शिरतं. बार झाला की बोल्ट मागे ओढताना त्याच्या तोंडाशी असलेला आकडा रिकामी पुंगळी धरून बाहेर काढतो, आणि मागे एका अडसराला लागून पुंगळी बाजूला उडते.

म्हटलं तर एवढंच. पण या सेकंदाभराच्या प्रवासात काडतूस तीन वेळा दिशा बदलतं, आणि या तीन वळणांपैकी कुठेही ते अडू शकतं.

सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे पेटीची रुंदी. माउझर पद्धतीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक सरळ रचलेली नसतात. एक डावीकडे, त्यावरचं उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अशी आडवीतिडवी बसतात, त्यामुळे पाच काडतुसं कमी उंचीत मावतात आणि पेटी लाकडी दस्त्याच्या खाली डोकावत नाही. आता बुडाकडून पाहिलं तर शेजारच्या तीन काडतुसांची केंद्रं समभुज त्रिकोणाची टोकं व्हायला हवीत. भूमिती केली की पेटीची रुंदी काडतुसाच्या जाडीच्या साधारण १.८७ पट निघते. .३०-०६ चं बूड सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे पेटी मागच्या बाजूला २२ मिलिमीटरच्या आसपास.

पेटी याहून अरुंद झाली की काडतुसं एकमेकांच्या डोक्यावर चढतात आणि स्प्रिंगचा जोर सरळ वर न जाता भिंतींवर जातो. जास्त रुंद झाली की खालचं काडतूस वरच्याला नीट आधार देत नाही, ते बाजूला कलतं. दोन्ही वेळा परिणाम एकच: कधी येतं, कधी येत नाही. त्यातून बहुतेक काडतुसं पुढे निमुळती असतात, म्हणून पेटीही पुढे थोडी अरुंद लागते. जुने चांगले कारागीर हे सगळं एकेका काडतुसासाठी वेगळं मोजत. एका काडतुसासाठी केलेल्या पेटीत दुसरं काडतूस 'मावतं' म्हणून चालवलं, की तक्रारी सुरू होतात.

तो प्रसिद्ध आकडा

आता ज्याच्यावर एवढी भांडणं होतात त्याच्याकडे येऊ. जर्मनीत ओबर्नडॉर्फ या गावी पाउल माउझर यांचा कारखाना होता. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी बोल्टला एक लांब, पातेदार आकडा बसवला. तो बोल्टच्या अंगाला बाहेरून लागून असतो आणि बोल्ट फिरला तरी स्वतः फिरत नाही. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याच्या बुडाची कड खालून सरकत या आकड्याच्या आत जाते. म्हणजे काडतूस चेंबरमध्ये जाण्याआधीच ते बोल्टच्या ताब्यात असतं आणि बाहेर पडेपर्यंत ताब्यातच राहतं. यालाच कंट्रोल्ड फीड म्हणतात. १८९८ चं मॉडेल हे या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं. आजही 'क्लासिक' शिकारी रायफल म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यासमोर तेच येतं.

या पद्धतीचा दबदबा किती होता? १८९८ मध्ये क्यूबात स्पॅनिश सैन्याच्या माउझरचा अनुभव घेतल्यावर अमेरिकेनं स्वतःची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल इतकी माउझरच्या वळणावर बनवली की शेवटी तिला माउझरला दोन लाख डॉलर रॉयल्टी मोजावी लागली. लंडनचे रिग्बीसारखे बंदूककारही माउझरचाच सांगाडा घेऊन त्यावर आपली नळी आणि दस्ता चढवत. कुमाऊँमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिच्याही पोटात माउझरच होती. आणि .२७५ हे तरी काय, माउझरच्याच ७×५७ काडतुसाला दिलेलं इंग्रजी नाव!

उदगीरकडे आमच्या नात्यातले एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून अशीच एक ७×५७ माउझर आहे, वारसानं आलेली, परवाना रीतसर त्यांच्या नावावर. त्यांनी मला ही गोष्ट शब्दात सांगितली नाही, करून दाखवली. दारू नसलेली पितळी डमी काडतुसं मॅगझिनमध्ये दाबली. बोल्ट पुढे सरकवला, पण अर्ध्यावर थांबवला. काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडाशी होतं, बूड आकड्यात. मग त्यांनी अख्खी रायफल उताणी केली. काडतूस पडलं नाही, किंचित हललं आणि तसंच लटकून राहिलं. बोल्ट मागे ओढला, तसं काडतूस मागे आलं आणि टप्पकन सतरंजीवर पडलं.

"पाहिलंस? हातानं घाई केली, अर्ध्यातून परत ओढलं, तरी ते चेंबरमध्ये राहत नाही. माणूस घाबरला की हेच करतो."

मग त्यांनी उलटी बाजूही दाखवली. मॅगझिन रिकामं ठेवून एक डमी सरळ चेंबरमध्ये टाकली आणि बोल्ट पुढे घातला. बोल्ट बंदच होईना. काडतूस खालून आलंच नव्हतं, त्यामुळे त्याची कड आकड्यात शिरायला वाटच नव्हती. आकड्याचं तोंड कडेवर आपटून थांबलं. जोर लावला असता तर कदाचित आकडा कडेवरून उडी मारून बसलाही असता, पण जुन्या पोलादाचा तो आकडा असं वारंवार केल्यानं तुटतो. "हिला मॅगझिनमधूनच जेवू घालायचं," ते म्हणाले आणि डमी काढून घेतली.

ढकलणारी पद्धत

दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला धरत नाही, नुसतं ढकलतो. त्याच्या तोंडात एक छोटा आकडा असतो. काडतूस चेंबरमध्ये पुरतं बसलं आणि बोल्ट शेवटपर्यंत गेला, की हा आकडा खटकन कडेवर चढतो. याला पुश फीड म्हणतात. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेली रेमिंग्टन ७०० ही या पद्धतीची सर्वात ओळखीची रायफल.

तोटा कुठे आहे हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बोल्ट पुढे गेला, पण मूठ खाली पाडण्याआधीच घाईत मागे ओढला, तर आकडा अजून कडेवर चढलेला नसतो. काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि बोल्ट रिकामा मागे येतो. पुन्हा पुढे ढकलला की तो मॅगझिनमधून दुसरं काडतूस उचलतो, आणि दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या बुडाशी असलेल्या टोपीवर जाऊन टेकतं. बहुतेक वेळा रायफल नुसती अडकते. पण टोपी हा काडतुसाचा पेट घेणारा भाग आहे, आणि त्यावर टोकदार गोळी आदळवणं हे काही बरं नव्हे.

फायदेही आहेत. बनवायला स्वस्त. काडतुसाचं बूड बोल्टच्या तोंडातल्या गोल खळग्यात चहूबाजूंनी झाकलं जातं, त्यामुळे काडतूस फुटलं तर गॅस अडवायला तो घेर उपयोगी पडतो. एकटं काडतूस सरळ चेंबरमध्ये टाकलं तरी चालतं. रिकामी पुंगळी उडवायला बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगचा छोटा खिळा असतो, म्हणून बोल्ट हळू ओढला तरी पुंगळी उडते. माउझरमध्ये पुंगळी एका पक्क्या पात्यावर आपटून उडते. हात हळू, तर पुंगळीही आळसावल्यागत बाहेर येते. पण त्या पात्याला गंजून बसणारी स्प्रिंग नाही, हेही खरं.

या दोन पद्धतींच्या भांडणात एक किस्सा हमखास येतो. विंचेस्टर कंपनीनं १९३६ मध्ये मॉडेल ७० ही रायफल माउझरसारख्या लांब आकड्यासह बाजारात आणली. १९६४ मध्ये खर्च वाचवायला तो आकडा काढून ढकलणारी पद्धत घेतली. गिऱ्हाईक इतकं नाराज झालं की 'प्री-६४' हा त्या आधीच्या रायफलींचा वेगळा भावच तयार झाला, आणि १९९० नंतर कंपनीनं जुनी पद्धत पुन्हा आणली. एवढं सांगून लोक थांबतात आणि म्हणतात, बघा! पण १९६४ मध्ये बदललेलं फक्त आकड्यापुरतं नव्हतं. दस्त्याचं लाकूडकाम, जाळीकाम, एकूण सफाईही उतरली होती. लोकांचा राग सगळ्यावर होता. आठवणीत उरला आकडा.

मग अमेरिकेच्या सैन्याला कळत नव्हतं का?

हा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो रास्त आहे. अमेरिकन मरीनची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या दोन्ही स्नायपर रायफली रेमिंग्टन ७०० च्याच पोटच्या आहेत, म्हणजे ढकलणाऱ्या. दशकानुदशकं त्या चालल्या. ढकलणारी पद्धत मुळात अविश्वसनीय असती तर हे झालं नसतं.

पण स्नायपर आडवा पडलेला असतो, श्वास धरून, वेळ घेऊन. त्याच्या हातून बोल्ट अर्ध्यावरून परत ओढला जाण्याची शक्यता कमी. आकड्याचा खरा फायदा आहे तो गडबडलेल्या हातासाठी, उंच ज्वारीत दहा पावलांवर डुक्कर वळलं त्या क्षणासाठी. आफ्रिकेत हत्ती-म्हशींच्या मागे जाणारे व्यावसायिक शिकारी लांब आकड्यावर जीव टाकतात ते याच कारणानं. फायदा खरा आहे, पण सांगितला जातो त्यापेक्षा अरुंद आहे. 'उताणी धरली तरी काडतूस पडत नाही' हे ऐकायला झकास वाटतं, पण झटक्यात बोल्ट चालवला तर ढकलणारी रायफलही उताण्या स्थितीत सहसा काडतूस नेतेच. आणि उताणी रायफल चालवायची वेळ येते किती जणांवर?

हीच गोष्ट मॅगझिनला लावून पाहा. पेटीची रुंदी चुकली, पट्ट्या वाकल्या, स्प्रिंग थकली, पाटी एका बाजूला कलली, तर जगातला सर्वोत्तम आकडाही काही करू शकत नाही. काडतूस त्याच्यापर्यंत पोचायलाच हवं ना! उलट मॅगझिन उत्तम असेल तर ढकलणारी रायफलही वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते. माउझर यांची खरी कमाई माझ्या मते आकडा नव्हे, तर आकडा आणि पेटी एकाच काडतुसासाठी एकत्र मोजून बनवणं ही आहे. जुन्या रायफलींचं कौतुक करायचं तर तिथे करा.

काडतुसाचाही यात वाटा असतो. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ मध्ये आणलेलं .३७५ मॅग्नम हे लांब आणि पुढे निमुळतं आहे, त्यामुळे ते चेंबरमध्ये अलगद घसरतं. अलीकडची बुटकी, जाड, खांद्याला चौकोनी काडतुसं जागेची बचत करतात, पण फीडिंगला कटकटी ठरतात. त्यांना वळण घ्यायला जागाच उरत नाही.

थ्री नॉट थ्री आणि .३१५ ची कड

आपल्याकडच्या बहुतेकांना माउझरपेक्षा जवळचा प्रश्न हा आहे. काडतुसाच्या बुडाशी दोन तऱ्हेच्या कडा असतात. माउझर किंवा .३०-०६ च्या काडतुसाला बुडाजवळ खाच कोरलेली असते आणि कड अंगाबाहेर येत नाही. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाची कड मात्र बाहेर आलेली, जाड. अशी काडतुसं मॅगझिनमध्ये चुकीच्या क्रमानं बसली, म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की पुढे ढकलताना वरचं खालच्याला घेऊनच जाऊ पाहतं आणि दोन्ही अडकतात. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील असं पाहायचं, हा जुन्या शिपायांना पाठ असलेला नियम.

ब्रिटिशांनी .३०३ हे लष्करी काडतूस असल्यामुळे ते सामान्यांना बंद ठेवलं. नागरिकांसाठी .३१५ हे वेगळं काडतूस आलं, जे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या ८×५० मिलिमीटर काडतुसावर बेतलेलं आहे. आजही आपल्याकडच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या नागरी रायफलींत .३१५ हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्या काडतुसाचीही कड बाहेर आलेली. म्हणजे पारावर माउझरच्या आकड्यावर तास घालवणाऱ्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात जी रायफल येण्याची शक्यता जास्त, तिच्यात आकड्यापेक्षा काडतुसं भरण्याची शिस्त कितीतरी जास्त मोलाची आहे. हे कुणी बोलत नाही, कारण यात मिरवण्यासारखं काही नाही.

धूळ आणि तेल

उन्हाळ्यात जालना-बीडकडच्या कच्च्या रस्त्यावरून जीपमध्ये रायफल तासभर नेली तर मॅगझिनच्या पाटीवर धुळीचा थर बसतो. त्यात कुणी हौसेनं तेल ओतलेलं असेल तर तेल आणि काळ्या मातीची धूळ मिळून चिकट लगदा होतो, स्प्रिंग जड होते आणि पाटी वर यायला उशीर करते. घाईत बोल्ट चालवला की तो काडतुसाच्या वरून निघून जातो आणि चेंबर रिकामंच बंद होतं. माणसाला वाटतं रायफल भरली. घोडा ओढतो, नुसतं 'टक'.

म्हणून कोरड्या, धुळीच्या भागात मॅगझिनच्या आत तेलाचा हात पुसून काढलेला बरा. तेल लागतं ते बोल्टच्या दात्यांना आणि जिथे पोलाद पोलादावर घासतं तिथे, तेही बोटाच्या टोकाएवढं. पावसाळ्यात गंजाची भीती असते तेव्हा थोडं जास्त, पण वापरण्याआधी पुसायचं.

सेमी-ऑटोमॅटिक का नको?

बोल्ट हातानं ओढत बसण्यापेक्षा आपोआप भरणारी रायफल वेगवान नाही का? वेगवान आहे. पण आपल्या शस्त्र नियमांत ती निर्बंधित वर्गात मोडते, त्यामुळे सामान्य परवान्यावर तिचा विचारच सोडा. शिवाय तिचं फीडिंग प्रत्येक काडतुसाच्या ताकदीवर चालतं. एखादं काडतूस फुसकं निघालं की यंत्र तिथेच थांबतं. बोल्टची रायफल तुमच्या हाताच्या जोरावर चालते. काडतूस वाजलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं (दारू कधीकधी उशिरा पेटते), मग बोल्ट ओढून ते काढायचं आणि पुढचं घ्यायचं. जुन्या, साठवणीत आर्द्रता लागलेल्या काडतुसांच्या देशात ही काही लहान सोय नाही.

पण शेतात रायफल हवीच कशाला?

या लेखातला सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आणि मी तो टाळणार नाही.

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत लेखी परवानगी देऊ शकतो. पण ही सवलत अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांना पिकाच्या कारणानं लागू होत नाही, आणि आपल्याकडे माळावर कळपानं दिसणारं काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. काळविटानं हरभरा फस्त केला तर भरपाई मागता येते, बार काढता येत नाही. परवानगी ही त्या प्राण्यापुरती, त्या जागेपुरती, त्या माणसापुरती असते. शेजारच्या शिवारातल्या पाहुण्याच्या हातात रायफल देणं हा वेगळाच गुन्हा.

दुसरं, शस्त्र. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी म्हणून नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. रायफलीचा परवाना त्याहून वेगळा आणि कठीण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसानं आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं.

तिसरं आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: आपली जमीन. मराठवाड्याचा मोठा भाग सपाट. .३०-०६ ची चुकलेली गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटर. डुकरं येतात रात्री. तेव्हा शिवारात पाणी द्यायला गेलेला गडी असतो, ऊसतोडीची पालं असतात, मळ्यातली वस्ती असते. गोळीच्या मागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल तर बार काढूच नये. बालाघाटच्या उतारावर असा आडोसा मिळतो, लातूरच्या काळ्या पठारावर तो शोधावा लागतो. झटका मशीन आणि कुंपण यांनी डुकरं पुरती थांबत नाहीत हे मलाही माहीत आहे, आणि ज्याचं पीक गेलंय त्याला भूमिती शिकवायला मी बसलेलो नाही. पण रायफल हे वनखात्यानं नेमलेल्या, सराव असलेल्या माणसाच्या हातात शोभतं. आणि त्याच्या हातात ती असेल तेव्हा फीडिंगचा प्रश्न खराखुरा होतो, कारण पहिला बार चुकून डुक्कर जखमी होऊन ज्वारीत शिरलं तर त्याच्या मागे जाणं त्यालाच भाग असतं.

जुनी रायफल हातात आली तर

वारसानं किंवा रीतसर विक्रीतून जुनी बोल्ट रायफल मिळणारे लोक मराठवाड्यात आहेत, निजामी जमान्यातली घराणी विशेषतः. त्यांनी नळीची चमक आणि दस्त्यावरचं नक्षीकाम बघून भुलू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून डमी काडतुसांवर तपासणी करून घ्यावी. मॅगझिन पूर्ण भरायचं, कारण दोष दिसतो तो बहुधा पहिल्या काडतुसाला, जेव्हा स्प्रिंग पुरती दबलेली असते, किंवा शेवटच्याला, जेव्हा ती सैल झालेली असते. मधली तीन गुपचूप जातात. आधी अगदी हळू, मग झटक्यात, मग रायफल डाव्या कुशीवर कलवून, मग उजव्या. डमींच्या पितळावर कुठे ओरखडा उठतो ते पाहायचं. एकाच बाजूला उठत असेल तर त्या बाजूची पट्टी वाकलीय किंवा तिला धार राहिलीय.

नाकावर, म्हणजे गोळीच्या मऊ टोकावर चपटेपणा दिसला तर तो फीडिंगचा दोष असेलच असं नाही. प्रत्येक बाराच्या धक्क्यानं मॅगझिनमधली उरलेली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात. काही चांगल्या जुन्या पेट्यांत काडतुसाच्या खांद्याशी उंचवटा ठेवलेला असतो तो यासाठीच.

स्प्रिंग बदलणं स्वस्त काम आहे, पट्ट्या सरळ करणं हातखंडा असलेल्याचं काम आहे, आणि पेटी मुळात दुसऱ्याच काडतुसाची असेल तर त्या रायफलीवर पैसे घालू नयेत, मग आकडा माउझरचा असो की आणखी कुणाचा.